फोन आवडीचा की नेटवर्क सोयीचं? काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला आमचा मोबाइलचा छोटा गाळा आहे. हॅण्डसेट, रिचार्ज, स्क्रीनगार्ड आणि फुकट सल्ला. यातलं शेवटचं खातं सगळ्यात जोरात चालतं. रोज तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. प्रश्न गिऱ्हाइकांचे आहेत, जसे विचारले जातात साधारण तसेच. उत्तरं आमची.

दादा, मला अमुक कंपनीचाच फोन आवडतो. पण घरात रेंज येत नाही. फोन बदलू की नेटवर्क?

आधी काहीच बदलू नका. दहा मिनिटांची एक चाचणी करा. तुमचं सिम घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये घाला आणि ज्या कोपऱ्यात फोन कटतो तिथेच उभं राहून कॉल लावा. तिथेही कटला, तर दोष नेटवर्कचा. मग उलट करा. शेजाऱ्यांकडे वेगळ्या कंपनीचं सिम असेल तर पाच मिनिटं मागून घ्या आणि तुमच्या फोनमध्ये टाका. छान चाललं, तर तुमचा फोन धडधाकट आहे. त्याला घरातून काढायचं कारण नाही.

आमच्या अनुभवात बहुतेक वेळा नेटवर्कच हरतं. फोन खिशात असतो, तुमच्याबरोबर फिरतो. नेटवर्क मात्र तुम्ही जिथे उभे असता तिथलं असतं: स्वयंपाकघरातलं, ऑफिसच्या जिन्यातलं, लोकलच्या डब्यातलं. म्हणून फोन निवडताना हात आणि खिसा बघायचा, नेटवर्क निवडताना पत्ता बघायचा. हे दोन वेगळे निर्णय आहेत. ते एकमेकांत अडकतात अशा चार-पाच जागा आहेत, आणि खालचे बरेचसे प्रश्न त्या जागांचेच आहेत.

मग "फोन की नेटवर्क" हा प्रश्न आला तरी कुठून? अमेरिकेतला भाचा तर म्हणतो, तिकडे फोन नेटवर्कवाल्याकडूनच घेतात.

भाचा खरं बोलतोय. पहिला आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत तो फक्त एटी अँड टीवर चालायचा. व्हेरायझनच्या गिऱ्हाइकाला आयफोन हवा असेल तर नेटवर्क सोडावं लागे, नेटवर्क हवं असेल तर आयफोनचा नाद सोडावा लागे. व्हेरायझनवर तो आला फेब्रुवारी २०११ मध्ये. म्हणजे जवळपास साडेतीन वर्षं लाखो लोकांपुढे हा पेच खराखुरा होता. आजही तिथे फोनचे हप्ते नेटवर्कच्या बिलात लावून देण्याची पद्धत आहे.

आपल्याकडेही थोडं तसं झालंय, फक्त लोक विसरले. २००२ च्या अखेरीला रिलायन्स इन्फोकॉम आलं आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत हातात फोन मिळायला लागला. ते फोन सीडीएमए नावाच्या वेगळ्या तंत्राचे. हॅण्डसेट आणि कनेक्शन एकमेकांना चिकटलेले. त्यातून दुसऱ्या कंपनीकडे जायचं तर फोनही गेला आणि नंबरही. कोपऱ्यावरच्या वाण्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात तो दिसायचा. पुढे २२ ऑगस्ट २००८ ला आयफोन ३जी भारतात आला, तोही एअरटेल आणि व्होडाफोन या दोघांमार्फतच, ८ जीबीचा ३१ हजारांना.

आज मुंबईतल्या दुकानात मिळणारे जवळजवळ सगळे स्मार्टफोन कुठलंही सिम घेतात. त्यामुळे हा पेच आपल्याकडे बराचसा मनातच उरलाय.

"जवळजवळ" म्हणजे? लॉक असलेले फोन अजून आहेत?

आहेत. २०१७ चा जिओफोन आणि २०२३ मध्ये आलेला जिओभारत, हे दोन्ही फक्त जिओचं सिम घेतात. स्वस्त असण्याचं कारणच ते. घेताना हे माहीत असेल तर काही बिघडत नाही. नंतर दुसरं सिम घालायला आमच्याकडे येऊ नका, आमच्या हातात काही नसतं.

दुसरं लॉक जरा आतलं आहे. हप्त्यावर फोन घेतला की फायनान्सवाले कधीकधी त्यात एक अ‍ॅप टाकून देतात. हप्ता थकला की स्क्रीन बंद. याचा नेटवर्कशी संबंध नाही. हप्ते चालू असताना नंबर तोच ठेवून कंपनी खुशाल बदला, फोन बंद पडणार नाही. मात्र कागदावर सही करण्याआधी असं अ‍ॅप आहे का, ते तोंडावर विचारा.

रेंजच्या काड्या पूर्ण आहेत, पण नेट चालत नाही. फोन खराब झालाय का?

कुठे चालत नाही? संध्याकाळी सहानंतर दादरच्या पुलावर असेल, तर फोनची काही चूक नाही.

काड्या सांगतात टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठा येतोय. टॉवरला तुमच्यासाठी फुरसत आहे का, हे त्या सांगत नाहीत. एका टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि त्या वेळी पुलावरचे सगळे त्याच टॉवरवर रील बघत असतात. विरार फास्टसारखंच: गाडी समोर उभी आहे, दार उघडं आहे, पण आत पाय ठेवायला जागा नाही. अशा वेळी महागडा फोन घेऊन फरक पडत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं तर पडू शकतो, कारण तिची यंत्रणा वेगळी, तिच्यावरची गर्दी वेगळी.

रात्री अकराला घरीही तसंच होत असेल, तर मात्र वरची सिम-अदलाबदल करून बघा.

आम्ही चाळीतून नवीन टॉवरमध्ये आलो, बत्तिसाव्या मजल्यावर. उंच गेलो तर रेंज वाढायला हवी ना? उलट कमी झाली!

हा प्रश्न लालबाग-परळ पट्ट्यात इतक्या वेळा येतो, की याच्यावर वेगळा बोर्ड लावायला हवा.

मोबाइलचे अँटेना लोकांसाठी लावलेले असतात, आणि लोक रस्त्यावर नि खालच्या मजल्यांवर जास्त. म्हणून अँटेनाचं तोंड किंचित खाली झुकवलेलं असतं. तुम्ही त्या झोताच्या वर गेलात. शिवाय उंचावरून लांबलांबचे पाच-दहा टॉवर एकदम दिसतात, फोन कधी याला पकडतो कधी त्याला, आणि या ओढाताणीत कॉल तुटतो. त्यात भर म्हणजे नव्या इमारतींच्या काचा. ऊन आत येऊ नये म्हणून काचेवर धातूचा अतिशय पातळ थर असतो, तो सिग्नलही अडवतो. चाळीत गॅलरीत उभं राहून बोलायची सवय होती. इथे गॅलरीच काचेमागे गेली.

यावर दोन उपाय. पहिला सोसायटीचा: मोबाइल कंपन्या इमारतीच्या आत, लिफ्टच्या लॉबीत, पार्किंगमध्ये छोटे अँटेना बसवतात. त्याला सोसायटीची किंवा बिल्डरची परवानगी लागते आणि बऱ्याचदा एकाच कंपनीला ती मिळालेली असते. म्हणून नव्या घरात सिम बदलण्याआधी सेक्रेटरींना विचारा, इमारतीत कुणाचे अँटेना आहेत. ज्याचे असतील त्याचं सिम. इतकं सोपं उत्तर असतं, आणि लोक त्याऐवजी लाखाचा फोन घ्यायला निघतात.

दुसरा उपाय फुकट आहे: वाय-फाय कॉलिंग. घरातल्या ब्रॉडबँडवरून साधा कॉल, कुठलंही अ‍ॅप न लागता. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये, जिओने जानेवारी २०२० मध्ये तो सुरू केला. फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण चालू करायचं असतं. पण इथे फोन आणि नेटवर्क एकमेकांत अडकतात. ते बटण तेव्हाच दिसतं, जेव्हा फोनच्या कंपनीने त्या नेटवर्कसाठी सोय करून ठेवलेली असते. इथे विकल्या जाणाऱ्या ओळखीच्या फोनमध्ये ती असते. बाहेरदेशाहून आणलेल्या किंवा अगदी आडवळणाच्या ब्रँडच्या फोनमध्ये कधीकधी नसते. तुमच्या घरात रेंजचा त्रास असेल, तर फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी हे विचारा.

खोक्यावर ५जी लिहिलंय. म्हणजे कुठल्याही कंपनीचं ५जी चालणार ना?

चालेल, पण सगळं चालेलच असं नाही.

भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. जिओने पूर्णपणे स्वतंत्र ५जी उभारलं, ४जीचा टेकू न घेता. एअरटेलने सुरुवात ४जीच्या खांद्यावर उभ्या असलेल्या ५जीने केली. व्हीचं, म्हणजे व्होडाफोन-आयडियाचं, ५जी मुंबईत आलं मार्च २०२५ मध्ये. आता फोनला या दोन्ही तऱ्हा यायला हव्यात. २०२० - २१ च्या सुमारास घेतलेल्या काही ५जी फोनना सगळ्या येत नाहीत.

मग बँड, म्हणजे लहरींचा पट्टा. ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्याला एन७८ म्हणतात, तो मुख्य. ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ जिओकडे आहे. कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी भिंतीतून जास्त चांगल्या आत येतात, त्यामुळे जिओचं सिम असेल आणि घर आतल्या बाजूला असेल, तर फोनच्या यादीत एन२८ आहे ना ते बघाच. ही यादी फोनच्या कंपनीच्या साइटवर असते, खोक्यावर बऱ्याचदा नसते.

आणि सॉफ्टवेअर. ५जी सुरू झालं तेव्हा आयफोनमध्ये सगळं हार्डवेअर होतं, तरी ॲपलचा अपडेट डिसेंबर २०२२ मध्ये आला तोवर ते इथे चालू झालं नाही. ७०-८० हजारांचा फोन खिशात, आणि शेजारचा पोरगा १५ हजारांच्या फोनवर ५जी मिरवतोय. तेव्हाचे आमच्या काउंटरवरचे चेहरे अजून आठवतात.

भाचा दिवाळीत येताना अमेरिकेहून आयफोन आणतोय. इकडचं सिम चालेल ना?

भाच्याला आजच दोन गोष्टी बघायला सांगा, विमानात बसल्यावर नको.

एक, फोन नेटवर्कला बांधलेला आहे का. आयफोनच्या सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे खाली कॅरियर लॉक ही ओळ आहे. समोर सिमचं बंधन नाही असं लिहिलेलं हवं. त्याने तो तिकडच्या कंपनीच्या हप्त्यावर घेतला असेल, तर सहसा हप्ते फिटल्याशिवाय ते लॉक उघडत नाही. स्वस्तात मिळाला म्हणून आणलेला फोन इथे नुसता कॅमेरा होऊन बसतो.

दोन, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ च्या मालिकेपासून, म्हणजे २०२२ पासून, सिमचा खणच नाही. फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं सिम. इथे जिओ, एअरटेल, व्ही तिघंही ई-सिम देतात, तेव्हा अडत काही नाही. पण सवय बदलावी लागते. फोन पडला, बंद झाला, तर पिन टोचून सिम काढून जुन्या फोनमध्ये घालता येत नाही. आणि गावच्या नेटवर्कचं सिम खणात टाकायचं म्हटलं तर खणच नाही.

हाँगकाँगहून आणत असेल तर उलट: तिथल्या बऱ्याच आयफोनमध्ये दोन खरी सिम बसतात. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या आयफोनचा कॅमेरा तिथे फोटो काढताना आवाज करतोच; इथे तो बंद होतो का, ते आधी बघा. मंदिरात फोटो काढणाऱ्यांनी विचार करावा!

तिकडे मनीष मार्केटच्या मोबाइल बाजारात तोच फोन पाच हजारांनी स्वस्त आहे.

असेल. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर येईल. खोक्यावरचा, बिलावरचा आणि स्क्रीनवरचा एकच आहे का बघा. मग इंग्रजीत के-वाय-एम ही तीन अक्षरं, जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. सरकारी यादीत तो नंबर चोरीचा किंवा डुप्लिकेट म्हणून अडवलेला असेल तर कळतं. बिल देत नसतील, तर पाच हजार वाचले असं समजू नका.

नंबर तोच ठेवून कंपनी कशी बदलायची?

पोर्ट. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ ला आली, आणि आमच्या मते मोबाइलवाल्या गिऱ्हाइकाच्या हातात आलेलं सगळ्यात मोठं हत्यार तेच.

इंग्रजीत पोर्ट असं लिहा, एक जागा सोडा, आपला दहा आकडी नंबर लिहा, १९०० वर पाठवा. रिचार्जमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जायलाच हवा, असं ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना बजावलंय. उत्तरात एक कोड येतो. तो मुंबईत चार दिवस चालतो. तो कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा, नवं सिम घ्या. सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, तोच असेल तर तीन कामाचे दिवस, वेगळं असेल तर पाच.

कोड येत नाही त्याची कारणं ठरलेली: जुन्या कंपनीकडे नव्वद दिवस झालेले नाहीत, पोस्टपेडचं बिल बाकी आहे, किंवा हरवलं-बिघडलं म्हणून सिम गेल्या सात दिवसांत बदलून घेतलंय. शेवटचा नियम १ जुलै २०२४ पासूनचा. तुमचं सिम दुसऱ्याच कुणी काढून नंबर पळवू नये म्हणून.

आणि एक. कोड मागितला रे मागितला, की जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात. मी स्वतः एकदा पोर्ट करत होतो, नाव घेत नाही, दोन दिवसांत चार वेळा फोन. आधी का जाताय, मग अर्ध्या किमतीत घ्या. इतकी वर्षं पूर्ण पैसे का घेत होता, असं विचारल्यावर ताईंनी फोन ठेवला.

पोर्ट होताना बँकेचं काय? ओटीपी?

नंबर तोच राहतो, बँकेत काही बदलायचं नाही. पण बदलाच्या वेळी काही तास सिम बंद राहू शकतं, त्या दिवशी मोठा व्यवहार ठेवू नका. यूपीआय अ‍ॅप नव्या सिमवर एकदा परत नोंदणी मागतं.

दोन सिम ठेवू? उगाच खर्च ना?

खर्च आहे, पण मुंबईकराला पटण्यासारखा. एक सिम घरचं, एक कामाच्या जागेचं किंवा गावचं.

हिशेब मात्र नीट करा. महिन्याचा म्हणून विकला जाणारा पॅक बऱ्याचदा २८ दिवसांचा असतो. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. समजा ३५० रुपयांचा पॅक असेल, तर फोन तीन वर्षं वापरेपर्यंत एका सिमवर ३९ रिचार्ज, म्हणजे १३,६५० रुपये. फोन घेताना हजार-पाचशेसाठी तासभर घासाघीस करणारे हा आकडा कधी काढत नाहीत. दुसऱ्या सिमवर नेट नको असेल तर फक्त कॉल-एसएमएसचा पॅक मागा. ट्रायने असा पॅक ठेवणं डिसेंबर २०२४ मध्ये बंधनकारक केलंय. दुकानात पुढे होऊन कुणी दाखवत नाही. आम्हीही पूर्वी दाखवत नव्हतो, खोटं कशाला बोला.

गणपतीला गावी गेलो की माझा फोन दगड होतो. गावासाठी कुठलं घेऊ?

हे आम्हाला विचारू नका, गावच्या काकूंना विचारा. त्यांचा फोन कुठल्या सिमवर वाजतो? तेच घ्या.

गंमत नाही. कोकणात डोंगराची एक धार मध्ये आली की वरच्या वाडीत रेंज आणि खालच्या वाडीत शून्य. जाहिरात, नकाशा, कुणाचा मेहुणा कंपनीत आहे, यातलं काही उपयोगी नाही. एप्रिल २०२५ पासून कंपन्यांना आपापल्या साइटवर नेटवर्कचे नकाशे द्यावे लागतात. ते आधी बघायला चांगले. पण शेवटचा शब्द काकूंचा. बीएसएनएलला इथे नाकं मुरडणारे चाकरमानी गावच्या सड्यावर त्याच सिमसाठी हात वर करून उभे असलेले आम्ही पाहिलेत.

मुंबई हे वेगळं सर्कल आहे, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. पूर्वी यामुळे रोमिंगचे पैसे पडत. आता नेहमीच्या पॅकमध्ये ते धरलेलं असतं. ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलचा नंबर दुसऱ्यात पोर्टही करता येतो.

आईसाठी साधा बटणांचा फोन हवा. सिम कुठलंही चालेल?

नाही! इथेच लोक फसतात. जुना २जी कीपॅडवाला फोन जिओवर चालणार नाही, कारण जिओकडे २जी-३जी मुळातच नाही. त्याला एअरटेल किंवा व्हीचं सिम लागेल. ४जी कीपॅड फोन घेतलात तर कॉल ४जीवरून जातात का, म्हणजे व्होल्टी आहे का, ते बघा. आईला बटणं मोठी आणि आवाज खणखणीत, बाकी काही नको असतं. टॉर्च मात्र हवा.

लोकलने रोज ठाण्यापलीकडे जातो. प्रवासात चांगलं कुठलं?

बोगद्यात कुणाचंच चांगलं नाही. तेवढ्यात डोळे मिटून घ्या. बाकी डब्यात आजूबाजूला बघा. सगळ्यांचे व्हिडिओ थांबले असतील तर गर्दी, एकट्या तुमचाच थांबला असेल तर तुमचं नेटवर्क. भुयारी मेट्रोने जाणाऱ्यांनी तिकीट वर असतानाच काढून ठेवावं.

ठीक. मग ब्रँड कुठला घेऊ?

ज्याचं सर्व्हिस सेंटर घराच्या किंवा ऑफिसच्या वाटेवर आहे, ज्याचे अपडेट पुढची चार वर्षं येणार आहेत, आणि जो हातात धरल्यावर जड वाटत नाही. रेंजवर फोनचा परिणाम अगदी नसतो असं नाही. २०१० च्या आयफोन ४ ला विशिष्ट तऱ्हेने धरलं की सिग्नल पडायचा, शेवटी ॲपलने फुकट कव्हरं वाटली. पण तसे किस्से थोडे, भिंती फार.

नेटवर्क बदललं आणि पस्तावलो. लगेच परत जाता येईल?

नव्वद दिवस थांबावं लागेल. जुनं सिम कपाटात जपून ठेवलं असेल तर उपयोग नाही, ते पोर्ट झालं त्याच दिवशी मेलं. म्हणून बदलण्याआधी नव्या कंपनीचं एक वेगळं प्रीपेड सिम घ्या, दुसऱ्या खणात टाका, एक महिना वापरा. बेडरूम, लिफ्ट, ऑफिस, लोकल, जमलं तर गावसुद्धा. पटलं तर मुख्य नंबर पोर्ट करा. आलात तर एखादी सिमपिन इथून घेऊन जा, पैसे नकोत. डब्यात शंभरेक पडल्यात.